तात्पुरती बाई

मालिकेच्या सेटवर नवी मुलं मला विचारतात, "मॅडम, तुम्ही अभिनय कुठं शिकलात?" मी सांगते, खालापूर तालुक्यात. ती मान डोलावतात. त्यांना वाटतं तिथं एखादी संस्था असेल आणि आपल्यालाच ती माहीत नाही. संस्था नव्हती. आमच्या वाडीचं तरुण मंडळ होतं आणि मी त्या मंडळाची तात्पुरती बाई होते.

आमची वाडी चौक आणि लोधिवलीच्या मधे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून थोडी आत. सगळी बौद्धांची घरं. एप्रिलमध्ये जयंती आणि जयंतीला नाटक, हे ठरलेलं. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक, दुपारी सगळ्या वाडीचं एकत्र जेवण आणि संध्याकाळी विहारासमोरच्या मैदानात तीन अंकी सामाजिक नाटक. पुरुषांची कामं वाडीतले पुरुष करायचे. बाईचं काम करायला बाई बाहेरून आणायची.

ही पद्धत फक्त आमच्याकडे नव्हती. कर्जत-खालापूरच्या पुष्कळ गावांत जत्रेला, उत्सवाला नाटक असंच व्हायचं. पनवेल, कल्याणकडे अशी कामं करणाऱ्या बाया होत्या. त्यांना नाटकाचं नाव कळवायचं, थोडी आगाऊ रक्कम पोचवायची, की त्या दिवशी दुपारी बाई बॅग घेऊन हजर. नाटक तिला पाठ असायचं. दुपारी पुरुषांबरोबर एक तालीम, संध्याकाळी नाटक, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. पुढच्या शनिवारी दुसरं गाव, दुसरा नवरा.

गावातली मुलगी का उभी करत नव्हते? लग्नाची पोरगी, लोक काय म्हणतील, हे बोलून दाखवायचं कारण. न बोलायचं कारण असं, की बाहेरची बाई आहे म्हटल्यावर आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं यायची. गावच्याच पोरीला बघायला कोण येणार? तिला रोज नळावर बघतातच.

पण पुरुषांच्या तालमी दोन महिने आधीपासून चालायच्या, आणि तोवर बाईची वाक्यं कोणीतरी म्हणायला पाहिजेत. आधी ती मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक. खरे ते एका कारखान्यात कारकून, पण नाटक बसवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा आवाज जाड, मिशी त्याहून जाड. त्या मिशीतून "नाथ, मला अंतर देऊ नका" असं वाक्य आलं की समोरचा नवरा जमिनीवर लोळून हसायचा आणि त्या दिवसाची तालीम तिथंच संपायची.

त्या वर्षी नवऱ्याचं काम माझ्या मामाकडे होतं. आईचं माहेर आमच्याच वाडीत, चार घरं सोडून, त्यामुळे मामा दिवसातून तीनदा घरी यायचा. एकदा येऊन म्हणाला, "ताई, पोरीला संध्याकाळी पाठव की. बाईचं वाचायला कोण नाय."

आई भाकऱ्या करत होती. "नुसतं वाचायचं हाय?"

"नुसतं."

"बसून का उभ्यानं?"

"बसून गं."

"मग जाऊंदे," आई म्हणाली.

मी तेव्हा सोळा वर्षांची. दहावी झाली होती. कर्जतच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं होतं, पण वडील रसायनीला ज्या कंपनीत कंत्राटावर होते ती मधेच बंद पडली आणि माझं शिक्षण बसच्या पासावर अडलं. कंपनी पुन्हा चालू झाली तोवर अर्धं वर्ष गेलेलं. घरी बसून मी पाणी भरत होते आणि धाकट्या भावंडांवर ओरडत होते. तालमीला गेलं की संध्याकाळचं पाणी चुकायचं आणि वर चहा मिळायचा. कलेची ओढ वगैरे म्हणाल तर ती आठवड्याभरानं लागली.

पहिले दोन-तीन दिवस मी खरंच बसून वाचलं. मग नाटकात नवरा बायकोला घरातून जाताना अडवतो असा प्रसंग आला. बसलेल्या बाईला अडवणार कसं? मी उठले. मग बसलेच नाही. पुस्तकही लवकरच खाली ठेवलं, कारण सगळं पाठ झालं होतं. माझंच नव्हे, सगळ्यांचं.

सगळ्यांचं पाठ होण्याचं कारण असं की त्यांचं त्यांना होत नव्हतं. मामा टेंपो चालवायचा. रसायनीहून पिंपं भरून कुठंकुठं पोचवायचा आणि वाक्यांचे कागद काचेला चिकटवून घाटात म्हणत जायचा. एकदा वाक्य सुरू झालं की शेवटपर्यंत सुसाट जायचं. अडचण सुरू होण्याची होती. पहिला शब्दच सापडायचा नाही. त्याच्या टेंपोचंही तेच होतं, धक्का दिल्याशिवाय चालू व्हायचा नाही.

तेव्हा मी धक्का द्यायला लागले. नाटकात बायको म्हणते, "ज्या घरात विश्वासाचा दिवा विझला, त्या घरात मी क्षणभरही राहणार नाही!" त्यावर नवऱ्याचं वाक्य, "थांब! तो दिवा मी पुन्हा पेटवीन." मामा तिथं रोज उभा राहायचा, डोळे वर करून, जणू वाक्य आढ्याला टांगलंय. एक दिवस मी माझ्या वाक्याला पुढं जोडलं, "मला थांबवू नका!" मामा लगेच, "थांब! तो दिवा मी पुन्हा पेटवीन." पेटवून झाल्यावर स्वतःच चकित.

ही युक्ती मी मग सगळीकडे वापरली. माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याच्या वाक्याचा पहिला शब्द. मास्तर पुस्तक घेऊन बसलेले असायचे, त्यांना कळत होतंच. एकदा म्हणाले, "ही वाक्याला शेपूट लावतेय." पण तालीम पहिल्यांदाच न अडता दुसऱ्या अंकापर्यंत गेली होती. स्वतःशीच विचार करून म्हणाले, "चालू दे. बाई आली की बाईचं बाई बोलेल."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा. बाई आल्यावर शेपूट जाईल आणि शेपटाबरोबर मामाही जाईल, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उलट बाकीचे रांगेत आले. पंचायतीचं पाणी सोडणारा आमचा एक शेजारी नाटकात दुष्ट शेठ होता. तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मलापन दे गं एक धक्का. त्यो कागदावर सही करायचा सीन हाय ना, तिथं लय अडतो मी." त्यालाही दिला. पुस्तकात बायकोने शेठला नुसतं "तुमचा पैसा मला नको" असं म्हणायचं होतं. मी म्हणू लागले, "तुमचा पैसा मला नको, तो तुमचा कागदही नको!" शेठ खूश. "कागद? कागदावर सही करशील तेव्हा कळेल!" असं तो इतक्या जोरात म्हणायचा की विहारामागची कुत्री उठायची.

माझं स्वतःचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. या नाटकात मला कोणी घेणार नाही हे उघड होतं. नवरा सख्खा मामा, मी बायको कशी होणार? पण दोन वर्षांपूर्वी आलेल्या बाईबरोबर एक दुसरी मुलगी आली होती, नाटकात दोन बाया होत्या म्हणून. म्हणजे बाया आपल्याबरोबर मुली नेतात. मी ठरवलं, बाई आली की तिला एकदा तरी बोलून दाखवायचं आणि विचारायचं, मला न्याल का? विचारायचं ते त्याच दिवशी. कारण आईने रसायनीला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला माझं नाव दिलं होतं, मे महिन्यापासून. एकदा तिथं लागले की बाई कुठं आणि मी कुठं.

जयंतीच्या दिवशी दुपारी मामा चौकहून बाईला टेंपोत घेऊन आला. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, पायात सपाट चपला आणि हातात चाकांची बॅग. चाकांची बॅग आमच्या वाडीत पहिल्यांदाच येत होती. आमच्या रस्त्यावर चाकं चालेनात तेव्हा तिने ती सरळ उचलून डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. स्वागताला उभ्या असलेल्या मंडळाच्या पोरांना काय करावं कळेना. एकाने बॅग मागितली. "राहू दे," ती म्हणाली, "संडास कुठंय ते सांगा. आणि माइक किती आहेत?"

मी बघत उभी होते. आईने मागून हाक मारली, "आता तुझं वाचन सपलं. बाई आली. पातेली कोण घासणार?"

जेवणाची मोठमोठी पातेली विहाराच्या मागे पडली होती. मी तिथं राख आणि काथ्या घेऊन बसले. त्यामुळे ती तालीम मी पाहिली नाही, ऐकली.

बाईचा आवाज पहिल्या वाक्यापासून स्वच्छ. मैदानाच्या टोकाला पोचेल असा, आणि तरी ओरडल्यासारखा नाही. मी हात थांबवून ऐकत होते. "...त्या घरात मी क्षणभरही राहणार नाही!"

मग शांतता. मामाची शांतता मी कुठंही ओळखली असती.

"तुमचं वाक्य आहे," बाई म्हणाली.

"म्हाईत हाय ना. माजंच हाय."

"मग बोला."

"तुमी म्हना आदी."

"म्हटलं की मी."

"अर्धंच म्हटलंत."

मग मास्तरांचा आवाज आला. पुस्तक काढून दाखवलं असणार. "अरे, बाईंचं बरोबर आहे. इथं संपतं वाक्य."

"पुस्तकात कायपन असंल," मामा म्हणाला. "पोरगी बोलते तसं बोला. तिचं बरोबर हाय."

बाईने पुढचा प्रसंग घेतला. शेठ आला. बाईने सांगितलं की तिला त्याचा पैसा नको. शेठ गप्प. बराच वेळ गप्प. मग त्याचा अजिजीचा आवाज, "बाई, कागद ऱ्हायला."

"कसला कागद?"

"त्योच की. तुमी नको म्हनता तो."

मी एव्हाना पातेल्याच्या आत डोकं घातलं होतं. बाहेर काढायची इच्छा नव्हती. संध्याकाळी चार वाड्यांतून माणसं येणार, पडदे भाड्याने आणलेले, बाईला आगाऊ दिलेलं, आणि वाडीतले पुरुष माझ्या शेपटाला लटकलेले.

"ही पोरगी कोण?" बाईचा आवाज आता वेगळा होता.

"ती आमची तात्पुरती," मास्तर म्हणाले.

"बोलवा तात्पुरतीला."

मला बोलवायची गरज पडली नाही, आईच मला दंडाला धरून घेऊन गेली. जाता जाता सुनावत होती, "वाचायला सांगितलं तं वाचायचं. वर आपल्या पदरची भर कशाला घालायची गं? भाजीत मीठ हाय का ह्ये?" माझे हात कोपरापर्यंत राखेचे. त्या दिवसाची मी महिनाभर मनात तयारी केली होती. त्यात राख नव्हती.

बाईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय केलंस तू?"

मी सांगितलं. मामाला पहिला शब्द लागतो. शेठलाही लागतो. सासऱ्याचं काम करणाऱ्या आजोबांना शब्द लागत नाही, त्यांच्याकडे बघावं लागतं.

"बघते मी आजोबांकडे," बाई म्हणाली. "बाकीचं सांग. किती ठिकाणी?"

"सगळीकडे."

ती विहाराच्या पायरीवर बसली. मास्तर घाम पुसत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही जरा हिची वाक्यं पाठ करून..."

"संध्याकाळपर्यंत? मास्तर, हे नाटक मी तेरा गावांत केलंय. ते माझ्या हाडात बसलंय. तोंड उघडलं की पुस्तकच बाहेर येणार."

"मी विंगेतून सांगते ना," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी पहिला शब्द."

"विंगेतून नको. ह्या माणसाचा कान विंगेकडे गेला की मागोमाग तोंड जाईल. मी काय त्याच्या पाठीशी संसार करू?"

मामा म्हणाला, "तसं नाय हां, बाई." पण मान विंगेकडेच होती.

बाई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मोठ्यानं एक वाक्य म्हण. त्या माइकपाशी नाही, इथूनच. त्या आंब्याखाली म्हातारी बसलीय, तिला ऐकू गेलं पाहिजे."

मी म्हटलं. घर, दिवा, क्षणभर, सगळं. आंब्याखालची म्हातारी ओरडून म्हणाली, "ऐकू येतंय गं! म्हैनाभर तंच ऐकतोय आमी!"

"ठीक," बाई म्हणाली. "नवऱ्याला एक बहीण आहे. माझी नणंद. पुस्तकात नाही, आपल्यात आहे. मी जिथं जाईन तिथं ही माझ्यामागं येईल. मी माझं वाक्य बोलेन, ही तिचं शेपूट बोलेल. वहिनी म्हणते राहणार नाही, नणंद म्हणते, दादा, वहिनीला थांबवा. काय?"

"थांब! तो दिवा मी पुन्हा पेटवीन!" मामा लगेच म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांच्या मिशीला जीव आला. सगळे एकदम बोलायला लागले. फक्त आई नाही. ती म्हणाली, "माजी पोरगी स्टेजवर नाय."

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं तर ती माझ्या तोंडावरचं सगळं वाचणार आणि वाचलं तर आणखी घट्ट होणार, हे मला माहीत होतं.

"बायको कुठं करतेय ती, ताई?" मामा गयावया करत म्हणाला. "बहीनच करतेय."

"तुजी बहीन मी हाय," आई म्हणाली. "बहीन लागतेय तं सख्खी उभी हाय हितं."

बाईने विचारलं, "वाक्यं येतात का तुम्हाला?"

"नाय."

"शिकाल?"

आईने मैदानातल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. मंडळाची पोरं, शेठ, आजोबा, सकाळपासून बांधलेल्या निळ्या पताका, भाड्याचे पडदे. आईला नाटकाची पर्वा नव्हती, पण चार वाड्यांची माणसं येऊन हसत परत जाणार, हे तिला चालण्यासारखं नव्हतं. तिने बाईला दोनच प्रश्न विचारले.

"नाच हाय का?"

"नाही."

"कोन हात धरनार हाय?"

"मीच. दुसरं कोणी नाही."

"मग साडी माजी नेसंल ती," आई म्हणाली. "आनि आदी पातेली संपव."

पातेली संपवली. इतकी भराभर मी आयुष्यात कधी घासली नाहीत. मग आईची हिरवी साडी, बाईने लावलेल्या पिना, आणि तोंडाला पावडर. बाईने फक्त एक गोष्ट सांगितली, "शेपूट बोलून झालं की लगेच त्याच्याकडे बघू नको. लोकांना कळतं. आधी माझ्याकडे बघ." अभिनयाबद्दल मला कुणी दिलेली ही पहिली सूचना, आणि अजून तरी याहून उपयोगाची दुसरी मिळालेली नाही.

नाटकाचं सांगायचं तर पहिल्याच प्रवेशात मी मामाला "दादा" म्हटलं आणि पुढच्या रांगा फुटल्या. सगळ्या वाडीला नातं माहीत. एक बाई ओरडली, "आगं, मामा हाय त्यो तुजा!" मी घाबरले असते, पण बाई माझ्या हातात हात घालून उभी होती. तिने तो नुसता दाबला. हसू ओसरलं तसं तिने पुढचं वाक्य सोडलं, मी शेपूट जोडलं, मामा चालू झाला, आणि पहिला अंक कुठंही न थांबता गेला.

दुसऱ्या अंकात घोटाळा झाला. तिसऱ्या अंकात मामाचं एक लांब भाषण होतं, "घर? कुठलं घर? घर म्हणजे चार भिंती नव्हेत..." दुसऱ्या अंकात अजून घर जायचंच होतं, शेठ कागद घेऊन उभाच होता. पण पुढच्या रांगेत एका बाईने रडणाऱ्या पोराला दम दिला, "घरी चल तू, बघते तुला!" मामाचा कान शब्दाची वाटच बघत होता. तो ताडकन पुढं आला आणि गरजला, "घर? कुठलं घर?"

शेठच्या हातातला कागद खाली पडला. पोर रडायचं थांबलं. मास्तर विंगेत डोक्याला हात लावून बसलेले मला दिसले. आता माझ्याकडे कुठलं शेपूट नव्हतं, पुस्तकात नव्हतं आणि दोन महिन्यांच्या तालमीत नव्हतं. मी बाईकडे बघितलं. ती माझ्याकडे शांतपणे बघत होती. ती वाट बघतेय हे मला कळलं. तिला सावरता आलं असतं. तिने सावरलं नाही.

मी म्हणाले, "दादा, घर अजून गेलं नाही. शेठ उभे आहेत. आधी त्यांचा कागद बघा."

"कागद?" शेठला जीव आला. "कागदावर सही करशील तेव्हा कळेल!"

गाडी रुळावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं दादाला काळजीने भ्रम झालाय आणि बहीण त्याला सावरतेय. तिसऱ्या अंकात मामाने तेच भाषण पुन्हा केलं तेव्हा तर दोन म्हाताऱ्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आमच्या घरी चहाला आली. मामा बाहेर टेंपोला धक्का द्यायला पोरं गोळा करत होता. मी महिनाभर घोकलेला प्रश्न तोंडाशी आणला, पण तिनेच आधी विचारलं. मला नाही, आईला.

"पुढच्या शनिवारी कर्जतच्या अलीकडे एका गावात जत्रेचं नाटक आहे. दोन बायांचं. माझ्याबरोबर यायची ती मुलगी लग्न करून गेली. हिला पाठवता का?"

मी मधेच म्हणाले, "तिथले पुरुष पाठ करतात का?"

"नाही. म्हणून तर विचारतेय."

आई चहा गाळत होती. "तिला मे म्हैन्यापासनं कंपनीत लागायचंय."

"लागू दे की. नाटकावर मीसुद्धा जगत नाही. पनवेलला मी ब्लाऊज शिवते. नाटक शनिवारी."

हे आईला अपेक्षित नव्हतं. तिच्या मनात नटी म्हणजे दुसरं काहीतरी होतं. ब्लाऊज शिवणारी बाई तिला कळत होती. तिने बाईच्या स्वतःच्या ब्लाऊजच्या शिवणीकडे बारीक बघितलं आणि बशी पुढे सरकवली.

"मी येनार बरोबर," आई म्हणाली.

"या. जेवण तिघींचं मागून घेऊ."

"परत कसं यायचं?"

"तुमच्या भावाचा टेंपो आहे ना?"

बाहेरून मामा ओरडला, "हाय ना! कवा निघायचं?" धक्क्याशिवाय त्याचा आलेला हा पहिला संवाद.

वडील दुसऱ्या पाळीहून आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, "आनि काम?" आई म्हणाली, "काम करनारच हाय. दोन्ही."

पण खरी पंचाईत मे महिन्यात होती. कंपनीत आठवड्याचे सहाही दिवस भरायला लागायचे, आणि जत्रांचा हंगाम पाऊस लागेपर्यंत. शनिवार मिळाला नाही तर कर्जतचं ते एक नाटक पहिलं आणि शेवटचं ठरलं असतं. पहिल्या दिवशी आई माझ्याबरोबर रसायनीला आली. गेटाच्या आत पत्र्याच्या शेडमध्ये सुपरवायझर खुर्ची टाकून बसला होता. त्याने मला कुठल्या टेबलावर उभं राहायचं ते दाखवलं. मी निघाले तर आई जागची हलेना.

"हिला शनवारी सुट्टी लागंल," ती म्हणाली. "त्या बदल्यात रैवारी येईल."

"पहिल्याच दिवशी सुट्टी? कशाला, मावशी?"

मला वाटलं आई म्हणेल, घरी आजारी माणूस आहे. किंवा लग्न. आमच्याकडे सुट्टीची कारणं ठरलेली असायची आणि आईला ती सगळी सफाईने सांगता यायची.

आई म्हणाली, "ती नाटकात काम करते."

सुपरवायझरने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी टोपीत केस कोंबत होते. "कुठल्या नाटकात? कुठं असतं?"

आई एक पाऊल पुढं आली. पोरगी परगावी नाटकाला जाते ही जी खबर आमच्या वाडीतल्या नळावर पोचू नये म्हणून ती पंधरा दिवस जपत होती, ती तिने त्याला गाव, वार आणि वेळेसकट सांगितली. वर म्हणाली, "या बघायला. पुढं बसायला जागा ठेवायला सांगते. पन पोरंबाळं आनलीत तं गप बसवा त्यांना. मधी कोन बोललं की नाटकातला एखादा मानूस भलतंच बोलतो."

शनिवार मिळाला. मी टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि डबे भरायला लागले.